डाव्या हाताची ती लिव्हर काढू नका

सिन्नर तालुक्यातील एका तरुणाने मला प्रश्न पाठवला आहे. आजोबांच्या वाड्यात, कडब्याच्या गंजीआड, पंचवीस-तीस वर्षे उभी असलेली 1943 सालची मॅचलेस जी-3-एल ही ब्रिटिश मोटारसायकल त्याच्या वाट्याला आली आहे. इंजिन फिरते, पण ठिणगी पडत नाही. त्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. ही गाडी पुन्हा रस्त्यावर येईल का. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारे यंत्र, काढून त्या जागी बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आणि हँडलच्या डाव्या बाजूची, ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडणारी ॲडव्हान्स-रिटार्डची लिव्हर काढून टाकली तर चालेल का. आणि ज्यांनी पुढे याहून वेगवान व आरामशीर गाड्या वापरल्या, ती आमच्या पिढीतील माणसे या जुन्या ब्रिटिश फटफट्यांविषयी बोलताना इतकी हळवी का होतात.

गाडी रस्त्यावर येईल. मॅग्नेटो आहे तोच दुरुस्त करून ठेवा. आणि ती लिव्हर कृपा करून काढू नका, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या लिव्हरमध्येच आहे. मी 1967 साली नाशिकच्या एका गॅरेजमध्ये हाताखालचा पोऱ्या म्हणून लागलो, पुढे स्वतःचे गॅरेज काढले आणि चाळीसहून अधिक वर्षे चालवले. तारुण्यातील दहा वर्षे माझ्याजवळ तुमच्याच गाडीची बहीण होती. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे, याची कल्पना आधीच देतो.

प्रथम या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोहोचवणाऱ्या लष्करी स्वारांसाठी ब्रिटिश कारखान्यांनी मोटारसायकली प्रचंड संख्येने बनवल्या. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची एम-20 सव्वा लाखाच्या घरात गेली, नॉर्टनची 16-एच सुमारे 1,00,000 झाली आणि लंडनच्या प्लमस्टेड भागात बनणाऱ्या मॅचलेसच्या जी-3 व जी-3-एल मिळून सुमारे 80,000 निघाल्या. युद्ध संपल्यावर लष्कराला नको असलेली वाहने डिस्पोजलमध्ये लिलावाला लागली. छावणीच्या गावांना त्याचा लाभ अधिक झाला आणि देवळाली कॅम्प तर नाशिकच्या उशाशीच आहे. माझ्या मामांनी तिथल्याच एका लिलावात आपली मॅचलेस घेतली होती. तिच्या टाकीवर निळ्या रंगाखाली लष्करी हिरवा रंग होता आणि त्याखाली आणखी एक थर मातकट रंगाचा होता. टाकी पहिल्यांदा खरवडली तेव्हा तो मला दिसला आणि ही गाडी आपल्याकडे येण्याआधी कुठेतरी वाळवंटात राबली असावी, असे माझ्या मनाने घेतले ते आजतागायत तसेच आहे.

पुढे पन्नासच्या दशकात परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधने आली आणि 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया स्थापन होऊन बुलेट इथेच बनू लागली. म्हणजे मी गॅरेजमध्ये पाऊल ठेवले तेव्हा खऱ्याखुऱ्या ब्रिटिश गाड्या पंधरा-पंचवीस वर्षे जुन्या झालेल्या होत्या, सुटे भाग मिळत नव्हते, आणि ज्याला नवी बुलेट किंवा जावा परवडत नसे तो अशी जुनी गाडी घेई. त्या काळी आम्ही त्यांना कुणी विंटेज म्हणत नव्हतो. ती गरजेची वाहने होती. द्राक्षाच्या बागेला औषधाचे डबे नेणारी एम-20 मी पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यावर रोज पाहिलेली आहे.

आता लिव्हरकडे येतो. सिलिंडरमधील पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगी पडताक्षणी संपूर्ण जळत नाही. ज्वाला पसरायला अगदी थोडा, पण जवळजवळ ठरावीक वेळ लागतो. पिस्टन माथ्यावरून खाली वळत असताना दाब सर्वाधिक असावा, असे वाटत असेल तर ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या आधीच पडावी लागते, आणि इंजिन जितके जलद फिरेल तितकी ती अधिक आधी पडावी लागते. यालाच ॲडव्हान्स म्हणतात. याउलट किक मारताना इंजिन इतके सावकाश फिरत असते की ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन माथ्यावर जाण्याऐवजी उलटा ढकलला जातो आणि किकचा दांडा पोटरीवर परत येतो. नंतरच्या गाड्यांमध्ये हा मागे-पुढे करण्याचा हिशेब फिरत्या वजनांनी आपोआप होऊ लागला आणि आता तो छोट्या इलेक्ट्रॉनिक डबीत होतो. तुमच्या गाडीत मात्र तो स्वाराच्या डाव्या हाताने करायचा आहे. कुठल्या चढाला, किती भाराला, कशा पेट्रोलवर ठिणगी किती आधी टाकायची, हे चालवणाऱ्याला प्रत्येक क्षणी ठरवावे लागे, आणि ठरवलेले बरोबर होते की नाही हे इंजिनाच्या आवाजातून पुढच्याच क्षणी कळे.

मला हे पहिल्यांदा पायाला कळले. मामांनी 1968 च्या दिवाळीनंतर गाडी माझ्या स्वाधीन केली आणि सुरू करण्याची रीत एकदाच दाखवली. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरच्या वाटीवरची बारीक कळ दाबून पेट्रोल बोटाला लागेपर्यंत थांबायचे. गार इंजिन असेल तर उजव्या हाताची हवेची लिव्हर बंद ठेवायची, डाव्या हाताची ठिणगीची लिव्हर तिसरा हिस्सा मागे घ्यायची. मग किक हळूहळू दाबत न्यायची, ती कॉम्प्रेशनवर अडली की डिकॉम्प्रेशनची लिव्हर ओढून एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उचलायचा, पिस्टन माथ्यावरून जेमतेम पलीकडे सरकवायचा, किक वर येऊ द्यायची आणि मगच पूर्ण अंग टाकून एकच लांब किक मारायची. मी पहिल्याच दिवशी ठिणगी मागे घ्यायला विसरलो. उजवी पोटरी आठवडाभर काळीनिळी होती आणि त्यानंतर पन्नास वर्षांत मी ती लिव्हर एकदाही विसरलो नाही. रीत नीट पाळली तर ती गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या किकला हमखास चालू होत असे, पावसाळ्यातही. ज्यांना वीस-वीस किका माराव्या लागत, ते बहुतेक वेळा घाई करत असत.

चालू झाल्यावर आणखी एक काम असे, आणि ते मला फार आवडे. या गाडीचे इंजिन ऑइल इंजिनाच्या पोटात नसून वेगळ्या टाकीत असते. पंप ते इंजिनात सोडतो आणि खाली जमलेले परत टाकीत आणतो. टाकीचे झाकण काढले की तोंडाशीच परत येणारी तेलाची धार दिसते. सकाळी थंडीत इंजिन चालू करून, झाकण काढून, ती धार उसळत यायला लागलेली पाहायची, मग झाकण लावायचे आणि गिअर टाकायचा. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. आजच्या गाडीवरून थेट या गाडीवर बसणाऱ्याने हे अंगवळणी पडेपर्यंत रहदारीत जाऊ नये, हे मी फार गंभीरपणे सांगतो, कारण घाबरलेल्या क्षणी पाय सवयीच्या बाजूला जातो आणि ब्रेक समजून गिअर दाबला जातो.

या गाडीचे अंतरंग मला पुरामुळे समजले. सप्टेंबर 1969 मध्ये गोदावरीला जो महापूर आला, त्यात गंगेजवळच्या (नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात) आमच्या भाड्याच्या वाड्यात पाणी शिरले. माणसे वरच्या मजल्यावर गेली, गाडी अंगणात राहिली. पाणी ओसरले तेव्हा हँडलच्या मुठींपर्यंत गाळाची रेघ होती. मी खालचा प्लग काढला तर इंजिनातून तेल नव्हे, दुधाच्या चहाच्या रंगाचे दाट पाणी आले. गॅरेजमधील आमच्या उस्तादांनी, ज्यांचे हात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये घडले होते, गाडी ढकलत आणायला सांगितली आणि मला बजावले की हिला हात मी लावणार नाही, तू लावायचा आणि मी बघणार. त्या पंधरा दिवसांत रोजचे काम आटोपल्यावर मी ती संपूर्ण खोलली. प्रत्येक बेअरिंग रॉकेलमध्ये धुतले, मॅग्नेटोचे आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला त्याचा फिरता भाग, उन्हात आणि मग तव्याच्या ऊबेवर, हाताला सोसेल एवढ्याच उष्णतेत वाळवले, आणि सगळे जोडून झाल्यावर टायमिंग लावण्याची वेळ आली.

तो प्रसंग मला बारकाव्यांसह आठवतो. स्पार्क प्लगच्या भोकातून उस्तादांनी एक सरळ तार आत सोडली. पिस्टन माथ्यावर आणला, तारेवर कानशीने एक खूण केली आणि तिच्यावर चार सूत मोजून दुसरी खूण केली. चार सूत म्हणजे अर्धा इंच. या इंजिनात लिव्हर पूर्ण ॲडव्हान्स असताना ठिणगी पिस्टन माथ्याच्या अर्धा इंच आधी पडायला हवी. मग इंजिन उलटे फिरवून पिस्टन त्या खुणेवर आणला. सिगारेटचा पातळ कागद फाडून त्याची पट्टी मॅग्नेटोच्या पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांमध्ये, धरायला मला दिली. पॉइंट मिटलेले असताना कागद घट्ट धरलेला असतो. ते उघडायला लागताक्षणी सैल होऊन तो बोटात येतो, आणि तोच ठिणगीचा क्षण. उस्ताद मॅग्नेटो केसाएवढा फिरवत होते आणि मी कागद अलगद ओढून धरला होता. "कागद सुटला की बोल," एवढेच ते म्हणाले. कागद सुटला, मी बोललो, त्यांनी नट आवळला. नंतर त्यांनी तीनदा पडताळा घ्यायला लावला. तिन्ही वेळा कागद त्याच खुणेवर सुटला. त्या संध्याकाळी गाडी दुसऱ्या किकला चालू झाली आणि मी ती होळकर पुलावरून पंचवटीत व परत अशी चार वेळा नेली. नदी अजून गढूळच वाहत होती. मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि ज्या यंत्रावर मी बसलो होतो त्यातला एकेक नट माझ्या हातांनी आवळलेला होता. हा आनंद मला पुढे कुठल्याही नव्या गाडीने दिला नाही, याचे कारण तुम्हाला आता समजावे.

आता कसारा घाट. सुटे भाग आणायला आम्हाला मुंबईला ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जावे लागे, आणि मी शक्यतो फटफटीवरूनच जात असे. जाताना उतार, येताना चढ. घाट चढताना या गाडीचे खरे रूप दिसे. इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 69 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 93 मिलिमीटर, एकूण 347 सीसी. अश्वशक्ती सोळाच्या आसपास, म्हणजे आजच्या दीडशे सीसीच्या साध्या गाडीइतकीच. पण लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील यामुळे ती कमी फेऱ्यांवर चिवटपणे ओढत राहते. वळण आले, वेग उतरला, आणि लिव्हर पूर्ण पुढे ठेवून तुम्ही थ्रॉटल उघडलात की इंजिनातून बारीक धातूचा ठोका ऐकू येतो, काचेच्या बाटलीवर खिळा आपटावा तसा. हा ठोका म्हणजे ठिणगी या भाराला फार लवकर पडते आहे. डाव्या अंगठ्याने लिव्हर बोटभर मागे घ्यायची. ठोका थांबतो, आवाज भरदार होतो, आणि गाडी गिअर न बदलता वळणातून वर निघते. वळण संपून सरळ रस्ता लागला की लिव्हर पुन्हा पुढे. घाटभर हा खेळ चाले. मागून येणाऱ्या बुलेट आमच्यापुढे जात, त्याचे काही वाटत नसे. एकही ठोका न येऊ देता इगतपुरी गाठली, तर तो दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटे.

जुलै 1971 मध्ये याच घाटात ती मला दगा देऊन गेली. दिवेलागणीची वेळ, पावसाने रस्ता दिसेनासा झालेला, आणि मधल्या एका वळणावर इंजिन एकदम गप्प झाले. काही आठवड्यांपूर्वी मॅग्नेटोचे आर्मेचर मी मुंबईतील एका दुकानातून नव्याने गुंडाळून आणले होते आणि तिथे पिकअपखालचे, म्हणजे मॅग्नेटोतली वीज प्लगच्या तारेत नेणाऱ्या तुकड्याखालचे, पातळ गॅस्केट बसवायचेच राहून गेले होते. मीही ते तपासले नाही, ही माझी चूक. त्या फटीतून पाणी आत गेले होते. एका ट्रकचालकाने गाडी कडेला थांबवून टॉर्चचा उजेड धरला आणि वरून ताडपत्रीचे टोक धरले. मी काळ्या बॅकेलाइटचे पिकअप काढले, सदऱ्याच्या आतला कोरडा रुमाल पेन्सिलीवर गुंडाळून भोकातून आत घातला आणि दुसऱ्या हाताने किक सावकाश दाबत आतली स्लिप रिंग (पिकअपला वीज देणारे फिरते कडे) फिरवून पुसली. रुमालावर पाणी आणि कार्बनची काळी पूड आली. पुन्हा पुसले, पिकअपला बाहेरून मेणबत्तीचे मेण फासले आणि किक मारली. गाडी चालू झाली. माझ्या गाडीची बॅटरी तर महिनाभर मेलेली होती, त्यामुळे दिवा लागत नव्हता. पण मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, म्हणून इंजिन चालत राहिले आणि केवळ त्या ट्रकच्या मागच्या लाल दिव्याच्या आधाराने मी इगतपुरीपर्यंत आलो. तिथे त्या चालकाने मला चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. इलेक्ट्रॉनिक डबीने अशा जागी दम तोडला तर रुमालाने काही होत नाही, एवढे लक्षात घ्या. ती डबी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. रोज कामावर जायच्या गाडीला ती उत्तमच. पण ही गाडी तुम्ही रोज वापरणार नाही आहात.

इतर गाड्याही मी पुष्कळ चालवल्या. त्यांपैकी बीएसएची एम-20 ही 496 सीसीची साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेली) गाडी. कॉम्प्रेशन जेमतेम पाचास एक, त्यामुळे कसलेही पेट्रोल पचवणारी, बैलासारखी शांत आणि उन्हाळ्यात सिन्नरच्या मोहदरी घाटात पायांना भाजेल इतकी तापणारी. ट्रायम्फची 500 सीसीची स्पीड ट्विन ही गंगापूर रोडवरील एका डॉक्टरांची होती. दोन सिलिंडर, दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली होणारे, आणि थ्रॉटल उघडताच येणारा तो सलग, किंचित घोगरा स्वर. सर्व्हिसिंगनंतर चाचणी घेण्याच्या निमित्ताने मी ती गंगापूर धरणापर्यंत नेत असे. त्या वेळी तो रस्ता मोकळा होता, दुतर्फा शेती होती आणि हिवाळ्यात सकाळी सहा वाजता धरणाच्या भिंतीवर धुके असे. एवढी सुंदर गाडी मी आयुष्यात दुसरी चालवलेली नाही, तरी प्रेम मात्र मॅचलेसवरच राहिले, कारण ट्रायम्फ माझ्याकडून फारसे काही मागत नव्हती.

या कंपन्यांचे पुढे काय झाले, हे तुम्हाला ठाऊक असेल. मॅचलेस आणि एजेएस बनवणारी एएमसी 1966 मध्ये बुडाली, रेडिचचा रॉयल एन्फिल्डचा कारखाना 1967 मध्ये बंद झाला, बीएसएचा कारभार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कोसळला. आज रॉयल एन्फिल्ड आयशरची आहे, नॉर्टन 2020 पासून टीव्हीएसची आहे, बीएसएचे नाव महिंद्र समूहातील क्लासिक लेजंड्सकडे आहे आणि ट्रायम्फच्या लहान इंजिनाच्या गाड्या बजाज आपल्या चाकणला बनवते. ज्या नावांचे भाग शोधत आम्ही कुर्ल्याच्या चिखलात फिरलो, ती नावे आता इथली झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता तुमच्या गाडीविषयी. सर्वांत आधी कसलीही किक मारू नका. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत टाकीतील तेल झिरपून इंजिनाच्या तळाशी साठलेले असण्याची शक्यता असते आणि त्याखाली गाळ असतो. खालचा प्लग काढून ते सगळे काढा, तेलाची टाकी उतरवून आतून धुवा, नळ्या फुंकून साफ करा. इंजिन आतून उघडून साफ केलेले नसेल तर त्यात आजचे डिटर्जंट असलेले मल्टिग्रेड तेल ओतू नका. ते जुना गाळ सोडवते आणि तो गाळ नेमका बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) तेलाच्या वाटेत जाऊन बसतो. उघडून स्वच्छ केल्यावर आपल्या हवामानात एसएई 50 मोनोग्रेड चांगले. पहिल्यांदा चालू झाल्यावर टाकीचे झाकण काढून परतीची धार दिसते का ते पाहा. अर्ध्या मिनिटात दिसली नाही तर इंजिन बंद करा.

मॅग्नेटोत ठिणगी नाही याचा अर्थ तो मेला असा घेऊ नका. आधी पॉइंट पॉलिश कागदाने हलकेच घासा, गॅप बारा थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवा, स्लिप रिंग आणि पिकअप स्पिरिटने पुसा. यानंतर गार असताना ठिणगी आली आणि इंजिन तापल्यावर गेली, तर आतला कंडेन्सर किंवा आर्मेचरचे इन्सुलेशन गेले आहे. जुन्या आर्मेचरवरचे शेलॅक उष्णतेने मऊ होते. मग ते नव्याने गुंडाळून घ्यावेच लागेल. पैसे जातील, पण एकदा नीट झाले की पुढची पंचवीस वर्षे पाहायला नको. परत आल्यावर पिकअपखालचे गॅस्केट स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.

पेट्रोलची टाकी ही आजची नवी अडचण आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल धरते, टाकी आतून गंजवते आणि कॉकमधील जुने कॉर्क व रबर खराब करते. कॉर्क बदलून इथेनॉल सोसणारे सील घाला आणि महिनाभर गाडी काढणार नसाल तर टाकी व कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. चेनच्या पत्र्याच्या डब्यातून तेल गळेल. दोन पत्रे आणि त्यांच्या कडेवर एक रबरी पट्टी, अशी ती मूळ रचनाच सदोष होती आणि नव्या गाडीतूनही तेल गळत असे. पत्र्याच्या कडा काचेवर ठेवून सपाट करून घेतल्या तर गळती बरीच कमी होते. पूर्ण थांबवण्याच्या नादात तो डबा सिलिकॉनने चिकटवून टाकू नका, पुढच्या वेळी उघडताना पत्रा वाकतो.

पान्यांविषयी विशेष सांगतो. या गाडीचे नट-बोल्ट मिलिमीटरचे नाहीत. व्हिटवर्थ पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंच लिहिलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात 0.525 इंच, म्हणजे सुमारे 13.3 मिलिमीटर असते. 13 चा पाना त्यावर बसत नाही, 14 चा बसतो पण सैल बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. आजवर माझ्याकडे आलेल्या जुन्या गाड्यांपैकी निम्म्यांचे नुकसान वयाने नव्हे, 14 च्या पान्याने झालेले होते.

कागदपत्रांचेही पाहा. जुलै 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची सोय आहे. व्हीए अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, पहिल्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते, नूतनीकरणाला 5,000 रुपये लागतात, आणि गाडी आधीच नोंदलेली असेल तर तिचा जुना क्रमांक राखता येतो. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत अशी अट आहे, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे किंवा दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. आजोबांचे जुने नोंदणीपुस्तक वाड्यात कुठे असेल तर आत्ताच शोधून ठेवा.

चालवायला लागल्यावर ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या पुढे नेऊ नका. तिचे ड्रम ब्रेक तिच्या काळच्या रस्त्यांसाठी होते आणि मागच्या चाकाला स्प्रिंगच नाही, फक्त सीटखाली आहेत. मुंबई नाक्याच्या रहदारीत तिला आणायची गरज नाही. पहिली फेरी पहाटे काढा, तुमच्याकडून मोहदरी घाटाच्या दिशेने, रस्ता रिकामा असताना. चढाला लागल्यावर थ्रॉटल उघडा आणि तो काचेवरच्या खिळ्याचा ठोका ऐकू येतो का पाहा. तो ऐकू आला की लिव्हर थोडी मागे घ्या.

माझे गॅरेज आता बंद आहे, पण उस्तादांनी जाताना मला दिलेला व्हिटवर्थ पान्यांचा संच आणि ती दोन खुणांची तार माझ्याकडे आहे. गाडी खोलायला घ्याल त्या आठवड्यात नाशिकला येऊन दोन्ही घेऊन जा. सिगारेटचा कागद तेवढा तुम्ही आणा.